मदत हवी आहे: नाजूक सेरिफ मथळ्यात छान दिसतो, लहान आकारात रेघा गायब

कानामात्रा:
मंडळी, एका द्वैभाषिक नियतकालिकाची मांडणी चालू आहे. इंग्रजी मथळे प्लेफेअर डिस्प्ले या सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेल्या) फॉन्टमध्ये ७२ पॉइंटला देखणे दिसतात. तोच फॉन्ट इंट्रोला (मथळ्याखालच्या प्रास्ताविक ओळींना) ११ पॉइंटला लावला की अक्षरं तुटक दिसतात, आणि काळ्या पट्टीवरच्या ८ पॉइंटच्या पांढऱ्या फोटोओळी तर वाचवत नाहीत. संकेतस्थळावरही इंट्रो फिकट पडतो. शेजारचा मराठी मथळा वेगळ्याच अंकातला वाटतो, तो प्रश्न आहेच. फॉन्ट बदलावा की छपाईत काही चुकतंय? मुक्त परवान्याचेच फॉन्ट चालतील.

खिळेजुळारी:
छपाईला बोल लावू नका. हा फॉन्ट मोठ्या आकारासाठीच काढलाय. हिशेब करून पाहा: अक्षर १००० एककांच्या चौकटीत आखलेलं आणि बारीक रेघ २० एककांची धरली, तर ७२ पॉइंटला ती १.४४ पॉइंट जाड येते. ११ पॉइंटला उरते ०.२२. पांढऱ्यावर काळी रेघ ०.२५ पॉइंटपर्यंत कशीबशी तगते. काळ्यात पांढरी असेल तर दोन्ही बाजूंनी शाई आत पसरते, तिथे ०.५ च्या खाली जाऊ नये. तुमच्या ८ पॉइंटच्या फोटोओळीत ती ०.१६ आहे, म्हणजे बुजणारच. त्यातून पट्टीचा काळा चार शाईंचा असेल तर रंग केसभर सरकला तरी रेघ भरते. पट्टी फक्त काळ्या शाईची, १०० टक्के ठेवा आणि फोटोओळींना साधा, एकसारख्या जाडीचा सॅन्स (बिनपायांचा) फॉन्ट लावा. तिथे नजाकतीचा हट्ट नको.

पडद्यावरही तेच. १६ पिक्सेलला ही रेघ ०.३२ पिक्सेल होते. एका पिक्सेलहून बारीक रेघ ब्राउझर करड्या छटेत दाखवतो, म्हणून फिकट.

खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरत: लहान आकारात बारीक रेघा जाड, अक्षर रुंद, मधली जागा सैल. अक्षरकार जोनाथन हॉफ्लर यांनी १९९१ मध्ये हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी डिडो फॉन्ट केला तोही ६ ते ९६ पॉइंटपर्यंत सात वेगवेगळ्या आकारांसाठी. आता हे काम व्हेरिएबल फॉन्टचा (एकाच फाइलीत आरेखन बदलू शकणाऱ्या फॉन्टचा) ऑप्टिकल साइज अक्ष करतो, म्हणजे आकारानुसार रेघांची जाडी बदलणारी पट्टी. प्लेफेअर डिस्प्ले सोडा, नुसत्या ‘प्लेफेअर’ नावाचं कुटुंब घ्या. त्याचा अक्ष ५ पासून १२०० पर्यंत जातो. बोडोनी मोडा ६ ते ९६, न्यूजरीडर ६ ते ७२. छपाईसाठी अक्षाचा आकडा पॉइंटइतका ठेवून सुरुवात करा, म्हणजे इंट्रोला ११.

मथळ्यात इंग्रजी ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) उणे १० ते उणे २० करा, इंट्रोला शून्य. कॉर्मोरंट हा फॉन्ट कोणी सुचवेलच. सुंदर आहे, पण त्याची लहान अक्षरं (a, e, x) फारच बुटकी. ११ पॉइंटला तो ९ सारखा भासतो.

कानामात्रा:
संकेतस्थळावर नवं प्लेफेअर लावलं, फरक शून्य!

खिळेजुळारी:
गूगल फॉन्ट्सच्या दुव्यात ऑप्टिकल साइजचा अक्ष मागितलाय का? फक्त वजनं (जाडीचे प्रकार) मागितली तर एकाच ठरावीक आकाराचं आरेखन येतं आणि ब्राउझरला बदलण्यासारखं काही उरत नाही. अक्ष आला की बाकीचं तो आपोआप करतो.

रफार:
मराठीचं सांगतो. रोझा वन हा देवनागरी फॉन्ट कमालीचा ठळक आहे, मुखपृष्ठावर एखाददुसऱ्या शब्दाला शोभेल. तुमच्या जोडीला तिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. वजन मात्र एकच, तेव्हा ठळक मथळा हवा असेल तर नोटो सेरिफ देवनागरी. कृत्रिम ठळक कदापि करू नका, जोडाक्षरांच्या गाठी भरतात.

दोन्ही लिप्यांचा पॉइंट आकार सारखा ठेवला तरी त्या जुळतातच असं नाही. दोन्ही एका ओळीत मांडा आणि शिरोरेघ इंग्रजी लहान अक्षरांच्या डोक्यापेक्षा थोडी वर, पण कॅपिटलच्या खाली येईल असा देवनागरीचा आकार कमीजास्त करा. मग उभ्या दांड्यांची जाडी डोळ्यांनी ताडून पाहा.

देवनागरीला ट्रॅकिंग शून्य, नाहीतर शिरोरेघ तुटते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर, भाषा मराठी आणि कर्निंग (अक्षरजोड्यांमधलं अंतर) मेट्रिक्सवर, म्हणजे फॉन्टमध्येच ठरवलेल्या अंतरावर ठेवा. ऑप्टिकल कर्निंग अक्षरागणिक अंतर बदलतं, त्यात सांधे उघडे पडतात. इंग्रजी मथळ्याला ७२ वर ७४ लीडिंग (ओळींमधलं अंतर) पुरेल. मराठीला ९० पासून सुरू करा, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीवर आदळतो.

फॉन्ट पक्का करण्याआधी ‘कर्तृत्व, ऱ्हास, सुऱ्या, वैशिष्ट्ये, श्रद्धा, र्की’ एवढं टंकून बघा. काही फॉन्ट ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या र च्या जागी साधा रफार काढतात. तो ‘सुर्या’ मथळ्यात गेला तर बाकीची सगळी मेहनत वाया.

खिळेजुळारी:
आणि प्रूफ (छपाईआधीची नमुनाप्रत) लेझर प्रिंटरवर पाहून समाधान मानू नका, टोनर बारीक रेघा फुगवतो. अंकाचाच कागद, अंकाचंच यंत्र, एक पान १०० टक्के आकारात. अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर काळी रेघ थोडी जाड होते, त्याचा इंट्रोला फायदाच होईल. पांढरी रेघ त्याच कारणाने मरते.