मदत हवी आहे: बाबांना पार्किन्सन्स नीट कसा समजावू?

नमस्कार मंडळी, बाबांच्या डोक्यात पक्कं बसलंय की पार्किन्सन्स म्हणजे फक्त हात थरथरणं, त्यामुळे हात शांत असला की सिंडोपाची गोळी घेतच नाहीत आणि मग दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकतात, पडतील अशी भीती वाटते खूप. बद्धकोष्ठता, वास न येणं, अक्षर बारीक होणं हेही त्यातलंच, पण ते म्हणतात वय झालं. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या, डाळ-दुधासोबत घेतली तर प्रोटीनमुळे असर कमी होतो असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण ओपीडीच्या घाईत काय लक्षात राहणार! तुमच्या घरी हे पेशंटला कसं पटलं? पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात कुणी जातं का, बाबांना तिथे इतर पेशंटना भेटवलं तर ऐकतील का? प्लीज सांगा.