मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

नऊ वर्षं कंबर दुखतेय. उसण भरायची, चार दिवस झोपून काढायचे, पुन्हा कामाला लागायचं, असं चाललं होतं. गेल्या महिन्यात डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जाईना, म्हणून एमआरआय केला. कमरेतल्या एल४-एल५ या दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून पायाकडे जाणारी नस दबलीय. ऑपरेशनची तारीख मिळालीय. तेलं, पट्टे आणि हमखास उपाय कृपया सांगू नका, सगळे करून झालेत. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी बारीकसारीक लिहा. शिंक आली की काय करता, इथपासून.

*

शिंकेपासूनच सुरू करते. शिंक येतेय वाटलं की भिंत गाठायची, दोन्ही हात टेकवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, पोट आवळायचं आणि मग शिंकायचं. भिंत लांब असेल तर स्वतःची मांडी.

माझी मायक्रोडिस्केक्टॉमी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या चिरेतून गादीचा बाहेर आलेला तुकडा काढतात. शुद्धीवर आले तेव्हा पाठ ठणकत होती, पण नितंबापासून घोट्यापर्यंत जाणारी ती कळ गायब. नर्सला विचारलं, पाय आहे ना जागेवर? त्याच संध्याकाळी उभं केलं त्यांनी.

ताई, एक मात्र आधीच मनाशी पक्कं करा. हे ऑपरेशन मुख्यतः पायाच्या कळेसाठी असतं. कंबर पुढेही कुरबुरत राहू शकते. मला हे सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली आणि सगळं वाया गेलं म्हणून ढसाढसा रडले. वाया काही गेलं नव्हतं.

*

माझं फ्यूजन. दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडलेत. वाकणं, पिळणं, वजन उचलणं तीन महिने बंद होतं. पलंगावरून उठायला नव्याने शिकलो: ओंडक्यासारखं खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देत उठायचं. जमतं. मोजे मात्र जमत नाहीत. पन्नाशीच्या माणसाला मुलीने गुडघ्यावर बसून मोजे घालायचे, ही गोष्ट टाक्यांपेक्षा जास्त टोचली.

सिगारेट ओढत असाल तर सोडा. हाड जुळायला ती आड येते. आणि कुणी बोलत नाही ते मी बोलतो: जोरकस वेदनाशामक गोळ्यांनी असं बद्धकोष्ठ होतं की पहिल्या आठवड्यात पाठीची आठवणही राहत नाही. सारक औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

*

मी केलं नाही ऑपरेशन. अकरा आठवडे काढले, आता धावतो. बऱ्याच जणांचं असंच होतं, बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू जिरवून टाकतं. पण माझ्या पायातली ताकद गेली नव्हती. तुमची जातेय, तेव्हा माझं उदाहरण घेऊ नका.

*

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण थांबायचं कधी नाही तेही लिहितो. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला आणि लघवी होईना. सकाळी बघू म्हणून मी रात्र काढली. मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगाच दबला होता; याला कॉडा इक्वायना म्हणतात, हे ऑपरेशन टेबलाकडे नेताना कळलं. चालतो, नोकरी करतो. लघवीला अजून घड्याळ बघून जातो. ती एक रात्र मी स्वतःला माफ केलेली नाही.

*

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. हे दिसायला धडधाकट. लोक म्हणतात, काय झालंय याला? लग्नकार्यात खुर्ची मागितली तर भुवया उंचावतात. प्लॅस्टर असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. एक कामाचं: ऑपरेशनच्या आधीच रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, आणि उंच कमोडची सोय करा.

*

माझी तीच गादी दुसऱ्यांदा सरकली. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात, भरलेली बादली उचलली. इतकी बरी होते की विसरलेच.

*

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. खालचे दोन कप्पे रिकामे केले. कुशीवर वळायचा सराव चालू आहे, नवरा म्हणतो ओंडका झकास जमतो तुला. एक विचारायचं राहिलं. नसेसाठीची प्रेगाबालिन पुढे बंद कशी केलीत? एकदम?

*

मुळीच नाही. डॉक्टरांना विचारून, डोस उतरवत उतरवत. मी शहाणपणा करून एकदम सोडली, चार रात्री टक्क जागी होते.