घोडीला पाण्यातल्या ट्रेडमिलची सवय कशी लावावी? जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आमची सात वर्षांची मारवाडी घोडी सोलापूर शहराबाहेर होटगी रस्त्याकडच्या शेतावर असते. मागील हंगामात तिच्या डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागील टेंडनला इजा झाली होती. विश्रांती, पट्ट्या आणि त्यानंतर हाताने धरून चालवणे हे टप्पे पार पडले असून, ताज्या सोनोग्राफीत तंतू समाधानकारक जुळत असल्याचे आमच्या पशुवैद्यकांनी सांगितले आहे. यापुढे सरळ रेषेत, बेताच्या वेगाने व्यायाम वाढवावा आणि शक्य असेल तर पाण्यातल्या ट्रेडमिलचा उपयोग करावा, असे त्यांनी सुचवले. आमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते, त्यामुळे दुखऱ्या पायाच्या जनावराला वर्षातील बराच काळ नीट चालवता येत नाही. म्हणून हा सल्ला मला मनापासून पटला.

सोलापुरात अशी सोय माझ्या माहितीत नाही, म्हणून पुण्याकडील एका खाजगी केंद्रात जाऊन यंत्र पाहून आलो. घोडा जेमतेम मावेल असा अरुंद कप्पा, पुढे-मागे दरवाजे, बाजूंना जाड काच, खाली फिरणारा रबरी पट्टा आणि शेजारच्या टाकीतून पंपाने चढणारे पाणी, अशी त्याची रचना आहे. तेथील व्यवस्थापकांचे म्हणणे असे की, पहिल्याच दिवशी गुंगीचे इंजेक्शन देऊन पोटापर्यंत पाणी भरायचे, मग घोडे आपोआप चालू लागते. हे ऐकून मी बुकिंग न करताच परतलो.

आमची घोडी स्वभावाने गरीब आहे, परंतु पायाखाली आवाज झाला की बिथरते. गाडीत चढवताना फळीवर एक पाय ठेवते, पोकळ आवाज ऐकते, पाय मागे घेते, नाकपुड्या फुगवून फुरफुरते आणि मग कितीही चुचकारले तरी बराच वेळ जागची हलत नाही. नळीने पाय धुवून घेते. मात्र तेच पाणी शेजारच्या पत्र्यावर पडू लागले की मोतद्दाराच्या हातातून म्होरकी ओढून घेते.

तेव्हा पहिल्या दिवशी गुंगी देणे योग्य आहे का, पाण्याची पातळी कोणत्या क्रमाने वाढवावी आणि येथून जाऊन-येऊन व्यायाम द्यावा की काही आठवडे तिला तिकडेच ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. नेण्यापूर्वी सवय व्हावी म्हणून हिप्परग्याच्या तलावात किंवा उजनीच्या फुगवट्याच्या कडेला उथळ पाण्यातून चालवावे, असाही एक विचार आहे.

प्रतिसाद १

मी पशुवैद्यक नाही; शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो. गुंगीचा निर्णय व्यवस्थापकांचा नव्हे, तुमच्या पशुवैद्यकांचा आहे. काही ठिकाणी पहिल्या वेळी अगदी सौम्य मात्रा देतात, हे खरे. परंतु गुंगीत घोड्याचा तोल मंदावतो आणि खाली पट्टा फिरत असतो. शिवाय गुंगीत झालेली सवय शुद्धीवर टिकते की नाही, हे पुन्हा तपासावेच लागते.

मी पाहिलेला क्रम असा. आधी कप्पा बंद यंत्रासह दाखवायचा. एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, मध्ये थांबवायचे नाही. मग आत उभे करून दारे लावायची. त्यानंतर कोरड्या पट्ट्यावर सावकाश चालवायचे, पुढे एक माणूस आणि दोन्ही बाजूंना दोर. पट्टा सुरू होताना पहिली काही पावले घोडे अडखळते, मग लय सापडते. ती लय आल्याशिवाय पाण्याचा थेंबही सोडू नये. पाणी आले की पहिल्यांदा खुरांपर्यंत, नंतर घोट्याच्या सांध्यापर्यंत, आणि त्या वेळी वेग जमिनीवरच्या चालीपेक्षा कमी. साध्या चालीत, गुंगीशिवाय, सुमारे १५ मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांत हृदयाचे ठोके बऱ्यापैकी स्थिरावतात. पावलांची ढब बसायला त्याहून अधिक वेळ लागतो.

पोटापर्यंत पाण्याचा आग्रह मला पटत नाही. पाणी कोपरापर्यंत असेल तर उभ्या घोड्याच्या पायांवरील भार १० ते १५ टक्क्यांनी कमी होतो आणि कंबरेच्या हाडाच्या टोकापर्यंत असेल तर सुमारे ७५ टक्क्यांनी. म्हणजे पाणी वाढते तसे जनावर तरंगू लागते, पायाखालचा आधार सुटल्यासारखा वाटतो, आणि नवखे घोडे नेमके तिथेच घाबरते. दुसरे असे की भार घटतो तरी पाणी कापण्याचे श्रम वाढतात, त्यामुळे खोल पाणी म्हणजे आराम, असे गणित मांडू नये. घोडी मान वर काढून पाठ खाली सोडू लागली, किंवा मागे रेलू लागली, तर पातळी किंवा वेग तिच्या कुवतीबाहेर गेला असे समजून लगेच कमी करायला सांगा. तिच्या टेंडनला कोणती पातळी योग्य, हे मात्र सोनोग्राफी पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

आठवड्यातून एकदा अडीचशे किलोमीटर नेऊन-आणून सवय लागणार नाही. सुरुवातीचे दिवस सलग हवेत, तेव्हा तिकडेच ठेवा. जमल्यास तिच्या ओळखीचा मोतद्दार सोबत द्या.

प्रतिसाद २

तलावाचा विचार कृपया सोडून द्यावा. उजनीच्या फुगवट्याच्या कडेला गाळ असतो, वरून कळत नाही आणि पाय अचानक रुततो. भरत आलेल्या टेंडनला तो एक झटका पुरेसा आहे.

त्याऐवजी घरीच कडब्याच्या पेंढ्या दोन्ही बाजूंना रचून अरुंद बोळ करा, खाली गोठ्यात वापरतात ती रबरी चटई अंथरा आणि त्यातून रोज आरपार चालवा. ती येता-जाता कडबा ओढणारच, ओढू द्या. तेवढीच त्या जागेशी मैत्री होते. बोळाची सवय झाली की चटईवर बोटभर पाणी सोडा. केंद्रातल्या पंपाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा आणि खुराकाच्या वेळी आधी हळू, मग मोठ्याने लावत चला. पत्र्यावरच्या पाण्याची भीतीही याच पद्धतीने जाईल.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोळाचे काम उद्याच सुरू करतो, आणि कोरड्या पट्ट्याचा क्रम मान्य असेल तरच घोडी आणीन, असे केंद्राला कळवतो. एक शंका राहिली: रोज पाय भिजल्याने खुरांना त्रास होतो का? आमच्याकडच्या कोरड्या हवेत तिचे खूर आधीच चिरतात.

प्रतिसाद १

होऊ शकतो. वारंवार भिजून वाळल्याने खुराची भिंत कमकुवत होते आणि नालेचे खिळे सैल पडतात. नेण्यापूर्वी नालबंदाकडून खिळे तपासून घ्या. प्रत्येक फेरीनंतर घोट्यामागची खाच कोरड्या फडक्याने पुसायला सांगा, कारण ओल तिथेच राहते आणि त्वचा तिथूनच फुटते. पायावर उघडी जखम किंवा खरूज असेल तर ती बरी होईपर्यंत पाण्यात उतरवू नका. घोडी त्या पाण्यात लीद टाकणार, तेव्हा पाणी गाळण्याची आणि क्लोरीनची व्यवस्था काय आहे, तेही विचारून ठेवा.