ज्याला तुमचा पत्ताच नाही, ते कसलं इंटरअ‍ॅक्टिव्ह?

तिरकिट:
‘सायबरनेटिक्सने कलेला दिलं काय? आधी लुकलुकणारे दिवे, आता एआयला प्रॉम्प्ट टाकून पडणारी चित्रं आणि मॉलमधला भिंतभर व्हॅन गॉग.’ ही कोरी पाटी यांची कालची पोस्ट. (सायबरनेटिक्स म्हणजे यंत्रं आणि सजीव परिणाम बघून स्वतःला कसं सावरतात, याची विद्या.) खाली चार ओळी लिहायला बसलो, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

पाटीसाहेब, तुम्ही घराणंच चुकलात. तो भिंतीवरचा प्रोजेक्टरचा व्हॅन गॉग हॉल भरलेला असो की रिकामा, ठरल्या वेळी सूर्यफुलं फुलवतो. ती फिल्म झाली. सायबरनेटिक्सवाल्यांचा ध्यास वेगळा होता: समोरच्याने काय केलं ते हेरायचं, त्यानुसार आपण बदलायचं, आणि त्यामुळे समोरचाही बदलला पाहिजे.

ब्रिटिश सायबरनेटिक्सवाला गॉर्डन पास्क, त्याचं म्युझिकलर हे दिव्यांचं यंत्र घ्या, १९५३चं. वादक वाजवतोय, यंत्र ऐकतंय, दिवे उत्तर देतायत. इथवर गणपतीतला लायटिंगवालाही येतो. पण वादक तेच तेच घोळवू लागला की यंत्र कंटाळायचं. त्या सुरांना दाद देणं बंद. मग वादकाला झक मारत दुसरं काही काढावं लागे. आता कोण कुणाला वाजवतंय, सांगा.

किंवा शिल्पकार एडवर्ड इह्नातोविचचं सेन्स्टर, हलणारं यंत्रशिल्प. फिलिप्स कंपनीने १९७०मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या इव्होल्युऑन या आपल्या विज्ञान-प्रदर्शनात बसवलेलं, पंधरा फुटांच्या आसपास लांब धूड, सांधे लॉब्स्टरच्या नांगीवरून बेतलेले, डोक्यावर मायक्रोफोन आणि रडार. हळू बोललात तर मान वळवून जवळ यायचं. आरडाओरडा केलात, हात उडवलेत की मागे सरायचं. त्याला जवळ बोलवायचं तर माणसालाच सावकाश व्हावं लागे. तुमच्या मॉलमध्ये असं काय आहे?

कोरी पाटी:
प्रवचनाबद्दल आभार. दोन गोष्टी सोयीस्करपणे राहिल्या. म्युझिकलर नाचघरांतून फिरलं आणि १९५७मध्ये गुंडाळलं. सेन्स्टर १९७४मध्ये मोडीत काढलं. इतकं ऐकणारं यंत्र होतं तर चार वर्षांत नकोसं का झालं?

आणि ही विद्या आली कुठून? सायबरनेटिक्सचा जनक, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर दुसऱ्या महायुद्धात विमानं पाडणाऱ्या तोफांचा नेम कसा साधायचा यावर काम करत होता. त्या हिशेबातून फीडबॅकचं, म्हणजे परिणाम बघून पुढची कृती बदलण्याचं, तत्त्वज्ञान निघालं. लंडनला १९६८मध्ये ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ प्रदर्शन भरलं, तेव्हाच गुस्ताव मेट्झगर या कलाकाराने टीका केली होती की तंत्रज्ञानाची जत्रा भरवलीत आणि युद्धाचं नाव नाही. तेही लिहा की.

तिरकिट:
लिहितो. त्याच वीनरने क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्याला आपला शोधनिबंध द्यायला नकार दिला आणि १९४७च्या जानेवारीत ते जाहीर छापलं. तेही लिहा की.

बॉयलर_रूम:
मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमचा पीआयडी कंट्रोलर, म्हणजे चूक बघून आपोआप दुरुस्ती करणारं यंत्र, बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी मोजतो, व्हॉल्व्ह फिरवतो, परत मोजतो. २४ तास ऐकतो बिचारा. त्याला गॅलरीत टांगा, मी कॅटलॉग लिहून देतो. गळीत हंगामात एक सेन्सर गेला की शिव्या कुणाला पडतात माहितीये? आणि इकडे त्याच सर्किटला लोक वाइन घेऊन बघतात.

उजवी_सोंड:
पास्कचं कौतुक चाललंच आहे तर ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’मधलं त्याचं ‘कलोक्वी ऑफ मोबाइल्स’ही आठवा. छतातून टांगलेले दोन ‘नर’, तीन ‘माद्या’. नरांनी प्रकाशझोत टाकायचा, माद्यांनी आरसा धरून तो नराला हव्या त्या जागी परतवायचा, म्हणजे साहेब तृप्त. सिस्टिम नवी, संसार जुना.

तिरकिट:
मान्य. पण प्रेक्षक टॉर्च घेऊन त्या संवादात घुसू शकत होते, हे…

उजवी_सोंड:
हो, सासूसारखे.

प्लॉटर:
एक दुरुस्ती. ‘जनरेटिव्ह’ (नियमांतून आपोआप तयार होणारं) आणि ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह’ (समोरच्याला उत्तर देणारं) एकाच पोत्यात भरू नका. १९६५मध्ये श्टुटगार्टला गेऑर्ग नेस आणि फ्रीडर नाके यांनी जी प्लॉटरची, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन फिरवणाऱ्या यंत्राची, चित्रं मांडली, ती कुणाचं ऐकत नव्हती. नियम अधिक यादृच्छिक आकडे, बस. त्यांच्या मागे माक्स बेन्झे या तत्त्वज्ञाचं माहितीचं सौंदर्यशास्त्र होतं, पास्कचे दिवे नव्हते. आणि मुंबईचं नाव कुणी घेणार आहे का? चित्रकार अकबर पदमसींनी १९६९च्या सुमारास व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं, रेषांचं गणित बांधून ‘सिझिजी’ ही मूक अ‍ॅनिमेशन फिल्म केली.

कोरी पाटी:
तिचा सायबरनेटिक्सशी संबंध?

प्लॉटर:
माझ्या मते शून्य. म्हणूनच सांगितली.

कोरी पाटी:
मग तिरकिट, एक सांगा. मी प्रॉम्प्ट टाकतो, चित्र बघतो, नाक मुरडतो, शब्द बदलतो, परत टाकतो. दहा फेऱ्या. बघणं, बदलणं, परत बघणं. हा तुमचा लूप नाही?

तिरकिट:
दहा फेऱ्यांत तुम्ही बदललात. ते कंटाळलं का कधी? पास्कच्या यंत्राने तुमच्या तिसऱ्या ‘सूर्यास्त, वारकरी, फोर के’ला पाठ फिरवली असती.

पेटीवाला:
कंटाळणाऱ्या यंत्रावरून आठवलं. मी ३० वर्षं तबल्याला लेहरा धरतोय, म्हणजे तबलजीला ताल कळावा म्हणून पेटीवर एकच धून फिरवत राहतो. सोळा मात्रांचं तेच आवर्तन, चाळीस चाळीस मिनिटं. मला कंटाळायची सोय नाही, हाच माझा धंदा. आणि आता क्लासमधल्या पोरांना मी नको, मोबाइलवरचा लेहरा हवा. त्यात म्हणे सुरेलपणा जास्त.

सम_सापडेना:
पेटीवाले काका, रागावू नका, पण अ‍ॅप लय चढवत नाही. मी एका स्पर्धेत पेशकार (तबलावादनाची संथ सुरुवात) सुरू केला, साथीला बसलेल्या गृहस्थांना घरी जायची घाई. पुढच्या रचनेपर्यंत, कायद्यापर्यंत, लय दीडपट. बोल निघेनात, रेला (जलद बोलांची रचना) तर सांडलाच. परीक्षक म्हणाले, तयारी कमी आहे. त्या दिवसापासून अ‍ॅप.

पेटीवाला:
तो साथीदार नव्हता, रिक्षावाला होता. आता माझं ऐका. परवा एका मुलाची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपवायचा तुकडा, अर्ध्या मात्रेने घसरली. मी समेआधीचा सूर किंचित लांबवला, तो समेवर आला, टाळ्या पडल्या. त्याला कळलंही नाही. तुमचं अ‍ॅप त्याला भर सभेत तोंडावर पाडतं.

सम_सापडेना:
पाडू दे! अर्धी मात्रा चुकली हे त्याला आयुष्यात कधी कळणार मग? तुम्ही लोक झाकता म्हणून आमची पिढी बेताल.

पेटीवाला:
तुमची पिढी बेताल आहे कारण ती हेडफोन घालून बसते. लयीत राहणं म्हणजे दुसऱ्यासोबत राहणं. ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमसोबत राहिलात तर मेट्रोनोमशी लग्न करा.

उजवी_सोंड:
परत लग्न.

बॉयलर_रूम:
काकांनी आत्ता जे सांगितलं ते अगदी करेक्टिव्ह अ‍ॅक्शन आहे. चूक मोजली, दुरुस्ती केली, सिस्टिम समेवर. आमच्या प्लांटमध्ये असं कुणी केलं की ऑपरेटरला टाळ्या नाही, मेमो मिळतो.

पेटीवाला:
मोजली वगैरे नाही हो. बोटांना कळतं.

कोरी पाटी:
तिरकिट गप्प का? नावावरून तबलजी दिसता. रियाजाला काय लावता?

तिरकिट:
…अ‍ॅप.

कोरी पाटी:
अरेरे! ज्याला तुमचा पत्ताच नाही ते?

तिरकिट:
हसा. सकाळी साडेपाचला माझ्याकडे कोण पेटी घेऊन येणार? शेजारचे उठून भांडायला येतील तेवढेच. आणि सम_सापडेना यांचं एक खरं आहे. रियाजात बहिरं यंत्रच बरं. ते सांभाळून घेत नाही, म्हणून आपण कुठे घसरलो ते दिसतं. पण त्याला मी भिंतीवरचं घड्याळ म्हणतो. त्याला तिकीट लावून ‘अनुभव’ म्हणून विकत नाही.

कोरी पाटी:
बरं, व्हॅन गॉगपुरता मुद्दा सोडला. दिलं तुम्हाला. पण परवा डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून एका प्रदर्शनात गेलो, तुमच्याच जातीचं काहीतरी होतं, जवळ गेलं की पाकळ्या मिटणारं. समोर पाटी: ‘दुरुस्तीसाठी बंद’. जगातलं सगळं ऐकणारं शिल्प कायम दुरुस्तीला असतं, यावर काय म्हणणं आहे?

प्लॉटर:
सेन्स्टरही परत उभं राहिलंय, पोलंडमध्ये, क्राकूवच्या एका विद्यापीठाने २०१७मध्ये सांगाडा मिळवून ते चालू केलं. तुमच्या पाकळ्यांनाही ४३ वर्षं द्या.

बॉयलर_रूम:
लिमिट स्विच (पाकळ्या कुठे थांबायच्या ते सांगणारा) गेला असणार. पत्ता पाठवा, रविवारी येतो बघायला.

पेटीवाला:
तिरकिटराव, राहता कुठे? साडेपाच जमणार नाही. सातला येईन, चहा लागेल.