मदत हवी आहे: दांडपट्टा आणि घोडा एकत्र जमतात का?

नमस्कार मंडळी. काल्पनिक राज्यातल्या युद्धावर कादंबरी लिहितेय. नायिका १९ वर्षांची शिलेदार, म्हणजे घोडा आणि हत्यारं स्वतःची. मध्यावर घोडा मरतो आणि ती सरकारी घोड्यावरची बारगीर होते. तिचा खरा अपमान तिथे आहे, जखमांचं तिला काही वाटत नाही.

वेढ्याचा भाग रामशेजवरून सुचला. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातला आणि एवढासा गड काही वर्षं झुंजला! तिथे जाऊन तटबंदी, पाण्याची टाकी बघून आले, ते प्रकरण झालंय.

अडलंय पट्ट्यावर. त्याचं लोखंडी आवरण हातावर कोपराकडे येतं, मनगट वळत नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो. मग डाव्या हातात लगाम धरून धावत्या घोड्यावरून तो चालवता येईल? की तिला साधी तलवारच देऊ? आणि अंगात साखळ्यांचं चिलखत असताना खांदा तेवढा मोकळा राहतो का?

नाशिकमध्ये, शक्यतो पंचवटी किंवा सिडकोकडे, कुणी मर्दानी खेळ शिकवत असेल तर सांगा. मुलींना शिकवणाऱ्या ताई असतील तर फारच छान. व्हिडिओ भरपूर पाहिलेत, त्यात घोडा कुठेच नसतो.