मदत हवी आहे : एल-३९ सी अल्बाट्रॉसच्या लँडिंग गिअरची दारे, उंची आणि रंग (१/४८ प्रतिकृती)

नमस्कार.

एअरो व्होडोखोडी या चेक कारखान्यात तयार झालेल्या एल-३९ सी अल्बाट्रॉस या प्रशिक्षण जेटची १/४८ प्रमाणातील प्रतिकृती मी सध्या करत आहे. तिला क्रास्नोदारच्या लष्करी वैमानिक शाळेतील सोव्हिएत विमानाचे रूप द्यायचे ठरवले आहे. कॉकपिट आणि धडाची जोडणी मनासारखी झाली, परंतु लँडिंग गिअरपाशी, म्हणजे चाके आणि ती धरणाऱ्या पायांपाशी, काम थांबले आहे. ज्यांनी हे विमान जवळून पाहिले आहे किंवा ही प्रतिकृती पूर्ण केली आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुख्य प्रश्न दारांचा आहे. किटच्या (प्रतिकृतीच्या सुट्या भागांच्या संचाच्या) माहितीपत्रकात चाकांच्या कप्प्यांची सगळी दारे उघडी बसवायला सांगितली आहेत. प्रत्यक्ष विमानात मुख्य चाके आतल्या बाजूला पंखात मिटतात, पुढचे चाक पुढच्या दिशेने नाकात जाते, आणि चाके पूर्ण उतरली की कप्प्यांची दारे हायड्रॉलिक दाबाने आपोआप पुन्हा बंद होतात. हे विमान गवती धावपट्टीवरूनही उडू शकावे अशी त्याची रचना असल्यामुळे चिखल, खडे आणि धूळ कप्प्यात जाऊ नये यासाठी ही योजना आहे. हवा घेणारी तोंडे पंखाच्या वर ठेवण्यामागेही तोच विचार दिसतो, आणि माझ्या मते या विमानाचा खरा स्वभाव याच गोष्टींत आहे. म्हणून उभ्या विमानाची आतली दारे बंद दाखवणेच योग्य, असे माझे मत आहे. तरीही काही छायाचित्रांत ती उघडी दिसतात. ही छायाचित्रे केवळ देखभालीच्या वेळची आहेत, की इंजिन बंद होऊन हायड्रॉलिक दाब उतरल्यावर दारे काही काळाने आपोआप खाली येतात? दारे बंद केली तर पायाला चिकटलेले दार आणि आतले दार यांच्यामध्ये किती फट उरते आणि तिचा आकार कसा असतो, हे खालून घेतलेल्या एखाद्या स्पष्ट छायाचित्रावरून कळले तर फार उपयोग होईल.

दुसरा प्रश्न उंचीचा आहे. जमिनीपासून शेपटीच्या टोकापर्यंत विमानाची उंची ४.७७ मीटर आहे, म्हणजे १/४८ मध्ये ती साधारण ९९.४ मिलिमीटर यायला हवी. मुख्य चाकांमधील अंतर २.४४ मीटर, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि पुढच्या व मुख्य चाकांमधील अंतर ४.३९ मीटर, म्हणजे सुमारे ९१.५ मिलिमीटर. कोरडी जुळणी (गोंद न लावता) करून मोजल्यावर दोन्ही अंतरे बरोबर येतात, पण विमान जरा उंच उभे राहते. शॉक अब्सॉर्बरचा चकाकता दांडा किटमध्ये उड्डाणात असावा तितका लांब दिला असावा, असा मला संशय आहे. रिकामे विमान सुमारे ३,४५५ किलो वजनाचे असते आणि त्यात इंधन भरले की पाय आणखी दबतात. इंधन भरून, वैमानिकांशिवाय उभ्या असलेल्या विमानात या दांड्याचा किती भाग बाहेर दिसतो? संग्रहालयातील विमानांवर यासाठी विसंबता येत नाही, कारण तिथे पाय बहुधा पूर्ण बसलेले असतात किंवा विमान आधारावर टेकवलेले असते.

चाकांच्या बाबतीत एवढेच, की मुख्य टायरचा व्यास ६१० मिलिमीटर आणि पुढच्याचा ४५० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत अनुक्रमे १२.७ आणि ९.४ मिलिमीटर. किटमधील टायर या मापांत बसतात. पुढचे चाक वैमानिक थेट वळवत नाही. मुख्य चाकांचे ब्रेक कमीजास्त लावून विमान वळवतात आणि पुढचे चाक मोकळे फिरते. त्यामुळे ते थोडे तिरके बसवायचा विचार आहे. ते दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त किती अंशांपर्यंत फिरू शकते, हे कोणी सांगू शकेल का?

शेवटी रंग. खासगी मालकांकडे, विशेषतः अमेरिकेत गेलेल्या विमानांचे कप्पे आणि पाय नव्याने रंगवलेले असल्यामुळे त्यांची छायाचित्रे कितीही सुंदर असली तरी मला आधार म्हणून नको आहेत. १९८० च्या दशकातील सोव्हिएत सेवेत कप्प्यांच्या आतला भाग, पाय आणि चाकांच्या तबकड्या या तिन्हींचा रंग एकच होता की तबकड्या इतर सोव्हिएत विमानांप्रमाणे हिरव्या होत्या?

प्रागमधील क्बेली विमान संग्रहालयात किंवा कीव्हच्या झुल्यानी येथील संग्रहालयात गेलेल्या कोणाकडे कप्प्यांच्या आतील नळ्या आणि जोडण्यांची छायाचित्रे असतील, तर तीही चालतील. या भागांसाठी विमान कसे उभे आहे याने फरक पडत नाही.

दारे बंद करायची असल्यास खालचा भाग प्रायमर मारण्यापूर्वीच भरून घासावा लागेल, म्हणून त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर काम पुढे नेता येईल. बाकीच्या उत्तरांसाठी मी थांबू शकतो.