मदत हवी आहे: चिपवाल्या कार्डामागं काळी पट्टी अजून हायच की, मग कॉपी होत नाही म्हणजे काय?

मंडळी, लक्ष्मीपुरीत आमचं किराणाचं होलसेल दुकान आहे. आण्णांना बँकेनं चिपवालं नवीन डेबिट कार्ड दिलंय पण ते कपाटातनं बाहेर काढायलाच तयार नाहीत. 2018 ला कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले तेव्हा डुप्लिकेट कार्डं घालून आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधनंपण पैसे काढलेले, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी म्हटलं चिपचं कार्ड कॉपी होत नाही, तर चष्मा लावून कार्ड उलटं केलं, पट्टीवर नख घासलं आणि म्हणाले, "मग ही कशाला ठेवलीया?" काय सांगू आता? त्यात नुसतं टेकवलं की पिन न विचारता पैसे जातात हे बघून अजूनच भडकलेत.

उत्तर १
आण्णांचा प्रश्न एक नंबर आहे भावा. पट्टीवरची माहिती कायम तीच असते, त्यामुळं स्किमरनं (मशीनला चोरून लावलेलं कार्ड वाचायचं यंत्र) एकदा वाचली की दुसऱ्या कार्डावर उतरवता येते. चिपमधली सिक्रेट की (गुप्त किल्लीसारखा आकडा) मात्र बाहेर येतच नाही, ती वापरून चिप दर व्यवहाराला नवीन कोड तयार करते आणि बँक तो तपासते, म्हणजे आजचा कोड कुणी पळवला तरी उद्या त्याचा उपयोग शून्य. पट्टी ठेवलीय ती जिथं अजून जुनी मशीन आहेत तिथल्यासाठी. आणि कार्डाला चिप आहे हे त्या पट्टीतच लिहिलेलं असतं, म्हणून घासलं की मशीन चिप घाला म्हणतंय.

उत्तर २
कॉसमॉसचं प्रकरण वेगळं, तिथं बँकेची यंत्रणाच हॅक करून खोट्या सर्व्हरवरनं मंजुरी दिली जात होती. त्याच वर्षी 31 डिसेंबरपर्यंत सगळी कार्डं चिपची करा असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. टॅपला 5000 पर्यंत पिन लागत नाही (2021 च्या आधी 2000 होतं), नको असंल तर बँकेच्या अ‍ॅपमधनं बंद करा. खरी भीती फोनवर ओटीपी मागणाऱ्यांची, तिथं चिप काय करणार? पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा.

धागाकर्ता
टॅप बंद केलं, लई आभार. आता आण्णा विचारतात, कार्ड मशीनमध्ये एवढा वेळ अडकवून का ठेवायचं, पूर्वी घासलं की हातात यायचं.

उत्तर १
तेवढ्यात चिप आणि बँकेची देवाणघेवाण चाललेली असते. मधेच ओढलं तर व्यवहार रद्द होतोय, पावती येईपर्यंत हात लावू नका म्हणावं.